सातवी पायरी

यावेलोहून निघालो तेव्हा माझ्याकडे बत्तीस प्रश्न होते,
एक टॅब्लेट आणि एक सरकारी टोपी.
प्रश्न अकरावा : जनावरे किती?
प्रश्न बारावा : रोख रक्कम?

धाकी लिबान झोपडीच्या सावलीत
दुधाच्या विणीव भांड्याला धुरी देत बसली होती.
दूध नव्हतंच. धुरी मात्र रोजची.
'जनावरं मोजू नयेत,' ती म्हणाली,
'मोजली की कमी होतात.'
'दुष्काळानं मोजली की सगळी,' मी बोलून गेलो,
आणि जीभ चावली.

ती रागावली नाही.
भांडं खांद्याला अडकवलं, म्हणाली,
'चल, आज आमच्या गाईची पाळी आहे.'
गाईची.
मी हळूच '१' लिहून टाकलं.

विहीर दहा पुरुष खोल.
पाण्यापासून उजेडापर्यंत माणसावर माणूस,
कातळाच्या खोबणीत टाचा रोवून.
भरलेली बादली वर जाते, रिकामी खाली येते,
मध्ये कुणी ती धरून ठेवत नाही.
एका गाईसाठी नऊ जण उतरले होते.

'ह्यांना मजुरी काय?' मी विचारलं.
धाकीला प्रश्न कळला नाही.
मी तिच्याच बोलीत पुन्हा विचारला
(आईकडून मी इथलाच),
तरी कळला नाही.

उन्हं कलल्यावर जातानी हलाके आला.
धुळीचा डोंगर, डोंगरात दोनशे शिंगं,
कमरेला दोन मोबाइल,
मुलगे नैरोबीत.
गेल्या सुक्यात इथं बैठक बसली होती :
ज्याचा गोठा ओस पडला
त्याला ज्यानं त्यानं एकेक कालवड द्यावी.
जातानीला त्या दिवशी नेमकं मोयालेत काम निघालं.
हे सगळ्यांना आठवत होतं.
बोललं कुणी नाही.

त्यानं हाक घातली.
हाक विहिरीत उतरली, तळाला लागली,
एकटीच वर आली.

त्यानं खिशातून बिरच्या नोटा काढल्या.
नोटांकडे कुणी पाहिलं नाही,
कारण तेवढ्यात त्याची एक कालवड
कोरडी डोण चाटू लागली होती.

मग धाकीचा भाचा बोरू थुंकला, कमरेचं फडकं आवळलं.
'गाईनं काय केलंय?'
एवढं म्हणून तो उतरला.
त्याच्यामागे दुसरा. तिसरा शिव्या देत.
आठ झाले.
साखळीत एक जागा उरली, सातव्या पायरीवर.

धाकीनं माझ्याकडे पाहिलं,
टॅब्लेट घेतला,
दुधाच्या भांड्यात टाकून झाकण लावलं.

गारवा, शेवाळ, दुसऱ्याचा घाम.
पहिल्या वीस बादल्या मी मोजल्या,
मग वरच्याचं गाणं खालच्याकडे द्यायचं होतं
आणि आकडा कुठे सांडला, कळलं नाही.

काठावरून जातानी वाकून नोटा देत होता.
घेणार कोण?
ज्याच्या एका हातात भरलेली
त्याच्या दुसऱ्या हातात रिकामी.
'दातांत धर,' तो सगळ्यात वरच्याला म्हणाला,
पण त्याचं तोंड गाण्यात गुंतलेलं.

जातानी बराच वेळ तसाच वाकून राहिला,
हात पुढे केलेला,
जणू तोच काही मागत होता.

मग त्यानं नोटा खिशात कोंबल्या
आणि डोणीची फुटकी कड चिखलानं लिंपायला घेतली.
वाईट लिंपली, पोराटोरांसारखी.
धाकीनं ती पुसून काढली
आणि पुन्हा लिंपायला लावली.

अंधार पडता पडता टॅब्लेट परत मिळाला,
धुराचा वास लागलेला.
अंगठा टेकवला. त्यानं ओळखलं नाही.
पुन्हा टेकवला. नाही.
तळहाताची साल निघाली होती,
बोटांवरच्या रेषा दोराकडे राहिल्या होत्या.

'तुझ्या आईचं कूळ कोणतं?' धाकीनं विचारलं.
मी सांगितलं.
तिनं लिहून घेतलं नाही, नुसती मान डोलावली.

'परवा जिलोच्या उंटांची पाळी,' ती म्हणाली.
'सातवी पायरी तुझी.
टोपी घरी ठेवून ये.'